आधी नवऱ्याचं रक्त

जांभळ्या झाकणाची नळी माझ्या टेबलावर येते तेव्हा तिच्यावर बहुधा बाईचंच नाव असतं. नाव, वय आणि खाली पेनाने खरडलेलं ‘एएनसी, २१ आठवडे’, म्हणजे गरोदर. मी नळी रॅकमध्ये लावते, मशीन सुरू करते आणि सहा-सात मिनिटांत पडद्यावर आलेख उमटतो. त्यात ‘एस’चा, म्हणजे सिकलसेलच्या हिमोग्लोबिनचा सुळका दिसला की मी काउंटरवर जाऊन विचारते, मिस्टरांचं सँपल? उत्तरं ठरलेली आहेत. ते ड्यूटीवर आहेत. ते गावी गेलेत. त्यांना सुईची भीती वाटते. एकीने तर मलाच विचारलं, ‘त्यांचं कशाला? पोट माझं आहे ना?’

मी नागपुरात एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. हिमोग्लोबिनचे आजार शोधणारं एचपीएलसी मशीन हेच माझं रोजचं काम. शिवाय मी स्वतः सिकलसेलची (लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आजाराची) वाहक आहे, म्हणजे बिघडलेलं जनुक एकाच पालकाकडून आलेलं, आजार नाही. आमच्या भाषेत ‘एएस पॅटर्न’. माझा मोठा भाऊ ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. लहानपणी पावसात भिजला की रात्री त्याच्या मांड्यांची हाडं दुखायला लागायची आणि आई कढत पाण्याची पिशवी बदलत पहाटेपर्यंत बसायची. गावातले लोक संधिवात म्हणायचे. आई-बाबा दोघंही वाहक आहेत हे कळायला दादा नऊ वर्षांचा व्हावा लागला. म्हणून पुढे जे लिहिते आहे ते अर्धं प्रयोगशाळेतून आणि अर्धं घरातून आलेलं आहे. मी डॉक्टर नाही. पण कोणती तपासणी, कधी, कोणाची आणि कोणत्या क्रमाने हे सांगायला माझी एवढी वर्षं पुरेशी आहेत.

दिवस जाण्याआधी

मूल हवं असं ठरलं की दोघांनी एकाच दिवशी येऊन दोन तपासण्या करायच्या: सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी, आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी. उपाशीपोटी यायची गरज नाही. हातातून दोन-तीन मिलिलिटर रक्त पुरतं. मागच्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर मात्र आधी सांगा, कारण मग मशीन तुमच्यासोबत रक्तदात्याचंही हिमोग्लोबिन मोजतं आणि रिपोर्ट फसवा येतो.

सीबीसीच्या कागदावर सगळे हिमोग्लोबिनचा आकडा बघतात. तुम्ही त्याखालचे दोन बघा. एमसीव्ही ८० च्या खाली आणि एमसीएच २७ च्या खाली असेल तर लाल पेशी लहान आणि फिकट आहेत. कारण लोहाची कमतरता असू शकते किंवा थॅलेसेमियाचं, म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचं, वाहकपण. लाल पेशींची संख्या ५० लाखांच्या वर असूनही पेशी लहान असतील तर माझी शंका थॅलेसेमियाकडे झुकते. कितीतरी बायका लग्नाआधीपासून लोहाच्या गोळ्या खात असतात, हिमोग्लोबिन साडेदहाच्या वर सरकत नाही आणि कोणी एचपीएलसी सुचवत नाही. उलटाही घोळ होतो. लोह फारच कमी असेल तर एचपीएलसीत थॅलेसेमिया दाखवणारा ‘ए२’चा आकडा खाली ओढला जातो आणि वाहक बाई नॉर्मल वाटते. ए२ साडेतीन-चार टक्क्यांच्या काठावर असेल तर लोह भरून काढून तपासणी पुन्हा करून घ्या.

सिकलसेलच्या वाहकाची सीबीसी मात्र पूर्ण नॉर्मल असू शकते. माझी आहे. हिमोग्लोबिन साडेबारा, एमसीव्ही ८६. सीबीसी चांगली आली म्हणून एचपीएलसी टाळली तर माझ्यासारखी कोणीच सापडणार नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ती गोष्ट.

शाळा-कॉलेजात, शिबिरात, आरोग्य केंद्रात सिकलसेलची जी पहिली तपासणी होते तिला सोल्युबिलिटी म्हणतात. एका छोट्या नळीत द्रावण, त्यात रक्ताचा थेंब, हलवून पाच मिनिटं ठेवायचं. मग नळीच्या मागे काळ्या रेघा मारलेला कागद धरायचा. द्रावणातून रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह. ताकासारखं गढूळ होऊन रेघा हरवल्या तर पॉझिटिव्ह. स्वस्त आहे, वीज लागत नाही, कोणत्याही पाड्यावर करता येते. हजारो लोकांना एका दिवसात चाळायचं तर हीच चाळणी लागते.

पण ही चाळणी फक्त ‘एस’ पकडते, आणि वाहक की रुग्ण तेही तिला सांगता येत नाही. थॅलेसेमियाचा वाहक तिच्यातून सरळ निसटतो.

माझी मावसबहीण एएस. तिला दिवस गेले तेव्हा नवऱ्याचंही रक्त घेतलं गेलं, नाही असं नाही. त्याची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली. ‘मिस्टर नॉर्मल आहेत, काळजी करू नका’ असं सांगून त्या दवाखान्याने तिला घरी पाठवलं. ती आनंदाने पेढे घेऊन आली होती. मुलगा दहा महिन्यांचा झाला आणि हाता-पायांची बोटं सुजायला लागली. मग मी तिघांच्याही एचपीएलसी केल्या. नवऱ्याचा ए२ होता ५.४. तो बीटा थॅलेसेमियाचा वाहक, ही सिकलसेलची वाहक, आणि मुलाला दोन्हीकडून एकेक. त्याला सिकल-बीटा थॅलेसेमिया म्हणतात आणि त्रास जवळपास दादासारखाच. नवऱ्याची सीबीसी दवाखान्याच्या त्याच फाइलमध्ये लावलेली होती. एमसीव्ही ६६. कोणी पान उलटलं नव्हतं.

तेव्हा बायको कोणत्याही प्रकारची वाहक निघाली की नवऱ्याची एचपीएलसीच मागा. ‘सोल्युबिलिटी झाली आहे’ यावर समाधान मानू नका. हेच उलट बाजूनेही.

रिपोर्ट वाचायला फार शिकावं लागत नाही. सिकलसेलच्या वाहक माणसात ‘ए’, म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन, जास्त आणि ‘एस’ साधारण ३५ ते ४० टक्के असतो. ‘एसएस’ रुग्णात ‘ए’ नसतोच, ‘एस’ आणि ‘एफ’ (गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन) असतात. थॅलेसेमियाच्या वाहकात ‘ए२’ चारच्या वर. ‘डी’ किंवा ‘ई’ असं काही लिहिलेलं असेल तरी जोडीदाराची तपासणी हवीच, कारण तेही एस किंवा थॅलेसेमियासोबत जोडी जमवतात. दोघांपैकी एक पूर्ण नॉर्मल असेल तर मुलं फार तर वाहक होतील आणि वाहक माणूस माझ्यासारखा आयुष्यभर कामाला जातो. दोघंही वाहक असाल तर दोन नाणी एकदम उडवा. दोन्ही छापा पडण्याची शक्यता चारात एक. तीच शक्यता बाळ आजारी असण्याची. आणि नाण्याला मागचं आठवत नाही. ‘पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होतील’ हा हिशेब मी शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकला आहे. प्रत्येक गरोदरपणात चारात एक, नव्याने.

हे आपल्यात नसतं, असं सगळ्यांनाच वाटतं. नागपुरातल्या सिकलसेलची नोंद वैद्यकीय मासिकात १९५८ साली छापून आली, म्हणजे आमच्या भागाला हे नवीन नाही. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा अशा आदिवासींमध्ये तो आहे, तसाच विदर्भातल्या बौद्ध, तेली, कुणबी घरांतही आहे. थॅलेसेमियाचं वाहकपण सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत जास्त दिसतं, पण माझ्या मशीनवर ते देशस्थांमध्येही सापडलं आहे आणि मराठ्यांमध्येही. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं. त्यात आदिवासीबहुल भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. सरकारी रुग्णालयात ही तपासणी फुकट होते. एकदा कार्ड मिळालं की जपून ठेवा, पॅटर्न आयुष्यात बदलत नाही.

सासूबाई आणि आई, एकाच खोलीत

दुसरं काम रक्ताशिवायचं. एखाद्या रविवारी दुपारी दोन्हीकडच्या मोठ्या बायकांना चहावर बसवा आणि तीन पिढ्यांचा झाड काढल्यासारखा तक्ता करा. पुरुषांना विचारून उपयोग नाही, त्यांना स्वतःच्या आत्याची मुलंही मोजता येत नाहीत. विचारायचं असं: कोणाची लहान मुलं दगावली का, कोणाला वारंवार रक्त चढवावं लागायचं का, कोणाचे दोन-तीनदा गर्भ पडले का, कोणी जन्मापासून ऐकत नव्हतं का, कोणी उशिरा बोललं-चाललं का. आईच्या भावांपैकी कोणी लहानपणी चालता चालता पडायला लागला आणि पुढे चाकाच्या खुर्चीत गेला का, हे मुद्दाम विचारा. डुशेनसारखा स्नायूंचा आजार आईकडून मुलग्यांना येतो, आणि घरात त्याची आठवण ‘मामाला पोलिओ झाला होता’ अशी उरलेली असते.

नात्यात लग्न झालं असेल तर तेही लिहा. मामाची मुलगी करणं आपल्याकडे रूढच आहे. सख्ख्या मामे-आतेभावंडांची आठव्या हिश्श्याएवढी जनुकं सारखी असतात, त्यामुळे दोघांकडे एकच लपलेला दोष असण्याची शक्यता वाढते. वाढते म्हणजे घडतेच असं नाही. पण अशा जोडप्याने मूल ठरवण्याआधी अनुवंश समुपदेशकाला एकदा भेटावं.

घरात आजारी माणूस हयात असेल तर जनुकीय तपासणी सगळ्यात आधी त्याची. लोक नेमकं उलटं करतात. आजारी पुतण्या घरी असतो आणि गरोदर काकू महागडी तपासणी करून घेते. आजारी माणसात बिघाड नेमका कुठे आहे ते सापडलं की बाकीच्यांमध्ये तेवढीच जागा बघायची असते, काम सोपं आणि खात्रीचं होतं. माणूस फारच आजारी असेल तर डीएनए काढून साठवून ठेवता येतो. दुःखाच्या घरात हे बोलणं अवघड जातं. तरी बोला.

थॅलेसेमियाच्या जोडप्यांसाठी हेच लागू आहे. सिकलसेलचा बिघाड सगळ्यांमध्ये एकाच ठिकाणी असतो. थॅलेसेमियाचे बिघाड अनेक आहेत. गर्भ तपासण्याआधी आई-वडील दोघांचे कोणते हे शोधावं लागतं आणि त्यात आठवडे जातात. म्हणून दोघंही वाहक असाल तर ती तपासणी दिवस जाण्याआधी करून कागद हातात ठेवा.

खासगी प्रयोगशाळा शेकडो आजारांचं एकत्र पॅनेल विकतात. नात्यातलं लग्न असेल, कुटुंबात न उलगडलेला आजार असेल तर ते कामाचं आहे. बाकीच्यांनी आधी साध्या एचपीएलसीचे पैसे खर्च करावेत, असं मी तरी सांगेन. पॅनेल निगेटिव्ह आलं म्हणजे सगळे आजार वजा झाले असंही नसतं.

पाळी चुकल्यावर: कॅलेंडरवर खुणा

आठवडे मोजायचे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी अनियमित असेल तर सहाव्या ते नवव्या आठवड्यातली सोनोग्राफी तारीख पक्की करते. ही तारीख चुकली की पुढचे सगळे आकडे चुकतात.

दोघांची एचपीएलसी झालेली नसेल तर पहिल्याच भेटीला करा. नोंदणीला जाताना नवऱ्याला सोबत न्या, त्याच खुर्चीवर बसवा.

अकरा आठवडे पूर्ण ते तेरा आठवडे सहा दिवस ही खिडकी लाल पेनाने आखून ठेवा. यात एनटी सोनोग्राफी आणि डबल मार्कर होतात. सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी आणि नाकाचं हाड बघतात. डबल मार्करमध्ये आईच्या रक्तातले दोन पदार्थ मोजतात. आईचं वय आणि हे सगळं एकत्र करून संगणक डाउन सिंड्रोम (एका जादा गुणसूत्राने होणारा) आणि आणखी एक-दोन आजारांची शक्यता सांगतो. वयाचा हिशेब साधारण असा: विशीच्या मध्यावर हजार-बाराशेत एक, ३५ व्या वर्षी साडेतीनशेत एक, ४० ला शंभरात एक. तरीही डाउनची बहुतेक बाळं पस्तिशीच्या आतल्या आयांना होतात, कारण बाळंतपणंच त्या वयात जास्त. ‘माझं वय काय एवढं’ म्हणून ही तपासणी सोडू नका.

डबल मार्करचा फॉर्म काउंटरवरच्या घाईत भरू नका. त्यात वजन, जन्मतारीख, जुळं आहे का, आयव्हीएफ आहे का, इन्सुलिन चालू आहे का असं विचारलेलं असतं. हे आकडे सरळ गणितात जातात. एका बाईने लग्नातलं वजन सांगितलं होतं, ५२. प्रत्यक्षात ६८. वजन काट्यावर घेऊन पुन्हा हिशेब केला तेव्हा आकडा बदलला. तेव्हापासून आमच्या काउंटरखाली वजनकाटा आहे.

रिपोर्टवर ‘हाय रिस्क १:१८०’ आलं की घरात रडारड सुरू होते. याचा अर्थ असा की अशा १८० बायका एका रांगेत उभ्या केल्या तर एकीच्या बाळाला तो आजार असेल आणि १७९ जणींच्या बाळांना नसेल. बहुतेक प्रयोगशाळा १:२५० च्या आसपास रेघ मारतात आणि रेघेच्या अलीकडची प्रत्येक जण लाल अक्षरात येते. ही चाचणी चाळणी आहे, निदान तिच्याने होत नाही. याउलट ‘लो रिस्क’ म्हणजे हमीपत्रही नाही. डबल मार्कर आणि एनटी मिळून डाउनची शंभरातली पंच्याऐंशी-नव्वद बाळं पकडतात, बाकीची सुटतात.

ही खिडकी हुकली तर पंधराव्या आठवड्यानंतर क्वाड्रपल मार्कर असते. जरा कमी पकडते, पण असते.

एनआयपीटीबद्दल हल्ली रोज फोन येतात. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तात वारेतून आलेले डीएनएचे तुकडे फिरत असतात, ते मोजून डाउन सिंड्रोमचा अंदाज फार चांगला येतो, शंभरात नव्व्याण्णव. दहा हजारांच्या पुढे खर्च येतो. तरी तीही चाळणीच. तुकडे वारेचे असतात, बाळाचे स्वतःचे नसतात, आणि क्वचित दोन्हींत फरक निघतो. एनआयपीटी पॉझिटिव्ह आली म्हणून थेट गर्भपाताला जाऊ नका, आधी गर्भजल तपासा. आणि सोनोग्राफीतच मानेमागचं पाणी साडेतीन मिलिमीटरच्या वर असेल किंवा हृदयात दोष दिसत असेल तर एनआयपीटीत दिवस आणि पैसे घालवण्यात अर्थ नसतो. डॉक्टर सरळ वार किंवा गर्भजलाच्या तपासणीचा सल्ला देतील.

एक मोठा गैरसमज इथेच खोडून काढते. डबल मार्कर, क्वाड्रपल, नेहमीची एनआयपीटी यांपैकी कशातही सिकलसेल किंवा थॅलेसेमिया दिसत नाही. ‘सगळ्या जेनेटिक टेस्ट नॉर्मल आल्या’ म्हणणारी वाहक बाई माझ्यासमोर महिन्यातून एकदा तरी उभी असते.

१८ ते २० आठवड्यांत बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी. ही सगळ्यांनीच करायची. अठराव्यात केली तर पुढे काही लागल्यास हाताशी वेळ राहतो.

सुई

पक्कं निदान दोनच मार्गांनी होतं. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेतला कणभर तुकडा घेतात, त्याला सीव्हीएस म्हणतात. किंवा पंधरा आठवडे पूर्ण झाल्यावर गर्भजल काढतात, ती ॲम्निओ. सुईमुळे गर्भ जाण्याची शक्यता सरावलेल्या हाती शंभरात अर्ध्यापेक्षाही कमी असते. डॉक्टरांना ‘तुम्ही महिन्याला किती करता’ असं विचारायला लाजू नका.

मी झोपले आहे त्या टेबलावर, दोनदा. लग्न ठरताना मी यांना पहिल्याच भेटीत एचपीएलसी करायला लावली. हे वायरमन. ‘विजेला घाबरत नाही तर सुईला काय’ म्हणाले. रिपोर्ट मीच काढला: एएस. आई म्हणाली, ‘पोरगा चांगला हाय वो, पण रक्त पाहून राहिली ना तू?’ दादाने विचारलं, ‘पोटातल्या पोटात तपासता येते ना आता?’ येतं म्हटल्यावर त्यानेच सुपारी फोडायला लावली.

२०१३ ला दिवस गेले तेव्हा आम्ही संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस पकडून सकाळी कल्याणला उतरलो, नणंदेकडे डोंबिवलीत राहिलो. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्था आहे, हिमोग्लोबिनच्या आजारांचं गर्भातलं निदान तिथे कित्येक वर्षांपासून होतं. आता चंद्रपूरलाही आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी केंद्र झालं आहे, आपल्या भागातल्यांनी आधी तिथे चौकशी करावी.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, कारण डॉक्टर घाईत असतात. पाणी पिऊन मूत्राशय थोडं भरलेलं ठेवायला सांगतात. पोटावर गार जेल, मग सोनोग्राफीचा दांडा. आयोडीनने पुसून त्वचेत बधिर करायचं इंजेक्शन देतात, तेच काय ते झोंबतं. पुढची लांब सुई बघू नका, पडद्याकडे बघा. आत ती पांढऱ्या रेघेसारखी दिसते. पाळीच्या पहिल्या दिवशी दुखतं तसं ओढल्यासारखं वाटतं, दोन-तीन मिनिटं. बशीत मी वाकून पाहिलं. शेवाळाच्या तंतूंसारखं काहीतरी पांढरं, खारट पाण्यात तरंगत होतं. माझ्यातला तंत्रज्ञ क्षणभर सगळं विसरून ते बघत राहिला.

दोघांचंही रक्त त्याच दिवशी घेतात. आईच्या पेशी नमुन्यात मिसळल्या नाहीत ना, हे तपासायला ते लागतं. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन आठवणीने मागून घ्या. घरी गेल्यावर दोन दिवस वजन उचलू नका. थोडा डाग चालतो. ताप, पाणी जाणं किंवा पाळीसारखा रक्तस्राव झाला तर लगेच परत जा.

डाउनसाठी नमुना दिला असेल तर झटपट चाचणीचं उत्तर तीन-चार दिवसांत येतं, पूर्ण गुणसूत्रांचं दोन-तीन आठवड्यांनी. आमचं आठव्या दिवशी आलं: एएस. ती माझी मुलगी.

कागद आणि कायदा

या तपासण्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली येतात, गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा १९९४ चा कायदा. सुई घालण्याआधी ‘फॉर्म जी’ वर तुमची सही घेतात. तो तुम्हाला कळणाऱ्या भाषेत असला पाहिजे आणि त्याची प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. इंग्रजी कागद पुढे सरकवला तर मराठी मागा. केंद्र नोंदणीकृत आहे का ते भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर दिसतं. मुलगा की मुलगी हे विचारू नका, खुणेनेही नाही. एनआयपीटीच्या रिपोर्टवरही आपल्याकडे ते लिहीत नाहीत.

गर्भपाताच्या कायद्यात २०२१ ला बदल झाला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत नियमात दिलेल्या परिस्थितींमध्येच, आणि दोन डॉक्टरांचं मत लागतं. २४ नंतर बाळातल्या दोषासाठी करायचा तर दोष गंभीर असावा लागतो, तेही वैद्यकीय मंडळाने मान्यता दिल्यावर. आता सुरुवातीची ती ‘एएनसी, २१ आठवडे’ लिहिलेली नळी आठवा. नवऱ्याचं रक्त यायला चार दिवस, मोठ्या शहरातली तारीख मिळायला आठवडा, निदानाला आणखी आठवडा. बाईच्या हातात विचार करायला फार तर तीन दिवस उरतात.

आणि विचार करायला वेळ लागतो. २०१६ ला दुसऱ्यांदा आम्ही त्याच गाडीने गेलो. या वेळी रिपोर्ट आला एसएस. आम्ही काय ठरवलं ते इथे लिहीत नाही, कारण मी काहीही लिहिलं तरी कोणीतरी तेच उत्तर म्हणून उचलेल. समुपदेशक ताईंनी आम्हाला दोन्ही वाटांची माहिती दिली आणि एकदाही ‘मी तुमच्या जागी असते तर’ म्हटलं नाही. चांगला समुपदेशक ओळखायची माझ्याकडे हीच एक खूण आहे. आज सिकलसेलचा त्रास कमी करणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी आहे, जन्मल्या-जन्मल्या निदान झालं तर पेनिसिलिन आणि लसी वेळेवर देता येतात, आणि ठेवायचं ठरवलं तरी आधी माहीत असणं बाळाच्या फायद्याचं असतं. दादाची मोबाइल दुरुस्तीची दुकानं दोन आहेत. दादाच्या रात्रीही मी पाहिल्या आहेत. दोन्ही खरं आहे. तो रिपोर्ट दादाला मीच वाचून दाखवला. तो बराच वेळ स्क्रू-ड्रायव्हर हातात फिरवत बसला आणि मग म्हणाला, ‘तू जेवली का?’

हे सगळं पोटात तपासण्यापेक्षा आधीच टाळायचं असेल तर आयव्हीएफ करून गर्भ रुजवण्याआधी तपासण्याची सोय आहे. खर्च लाखांत जातो आणि एका फेरीत यश मिळेलच असं नाही. पण पुन्हापुन्हा त्या टेबलावर जाणं ज्यांना सोसवत नाही, त्यांनी त्याबद्दल विचारून घ्यावं.

राहता राहिली फाइल. साधी प्लॅस्टिकची चेनची घ्या. सगळ्यात वर नवऱ्याची एचपीएलसी, तिच्याखाली तुमची, मग दोघांची सीबीसी आणि रक्तगट, मग कुटुंबाचा तक्ता, मग सोनोग्राफ्या तारखेच्या क्रमाने. मूळ रिपोर्ट कोणाकडे सोडू नका, झेरॉक्स द्या. प्रत्येकाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि तो नवऱ्याच्या फोनमध्येही असू द्या. आमचं काउंटर सकाळी साडेसातला उघडतं, ड्यूटीवर जायच्या आधी रक्त देऊन होतं.